मधमाशीची राळ



मधमाशीपासून आपणांस काय मिळते, असे वर्गात विचारले की मुले एका सुरात सांगतात, मध आणि मेण. पुष्कळ वर्षे मीही एवढेच शिकवीत होतो. शाळेची नोकरी सांभाळून घरामागच्या परड्यात मी सातेरी माशीच्या चार पेट्या ठेवल्या होत्या. सातेरी ही आपल्या सह्याद्रीतली, झाडाच्या ढोलीत किंवा वारुळाच्या पोकळीत राहणारी माशी. तिच्या पेटीचे झाकण हाताने उचलावे, चौकट चिमटीत धरून वर घ्यावी, इतके काम सोपे. पुढे हौसेने मी युरोपियन माशीच्या, म्हणजे जिला शास्त्रात एपिस मेलिफेरा म्हणतात तिच्या, दोन पेट्या आणल्या. महिन्याभराने झाकण उचलायला गेलो, तो ते हलेना. सुताराची पटाशी घालून उचकटले तेव्हा टक् असा आवाज झाला आणि झाकण सुटले. फटीत पाहतो तर तांबूस-काळपट, लाखेसारखा दिसणारा, चिकट असा एक पदार्थ. वास मात्र मोठा छान, धुपासारखा. बोटांना लागला तो साबणाने काही निघेना. खोबरेल लावून चोळला तेव्हा कोठे सुटला.

या पदार्थाचे नाव प्रोपोलिस. शब्द ग्रीक आहे. प्रो म्हणजे पुढे आणि पोलिस म्हणजे नगर. माशीच्या नगराच्या वेशीवर जे आढळते ते प्रोपोलिस. आपल्याकडे काही जण त्यास मधमाशीचा डिंक म्हणतात, पण मला ते नाव पसंत नाही. बाभळीचा डिंक पाण्यात टाकला तर विरघळतो. हा पदार्थ पाण्यात आठ दिवस ठेवला तरी तसाच राहतो. तो विरघळतो मद्यार्कात आणि थोडाफार तेलात. हे लक्षण डिंकाचे नव्हे, राळेचे आहे. म्हणून मी त्यास माशीची राळ म्हणतो, आणि आजच्या भाषणात तोच शब्द वापरणार आहे.

राळ आपणांस नवी नाही. पायाच्या भेगांसाठी राळ आणि तेल कढवून केलेले मलम पूर्वी घरोघरी असे. ती राळ शाल वृक्षाची. झाडाला घाव बसला म्हणजे ते तेथे चीक सोडते. त्याने जखम झाकली जाते आणि बुरशी किंवा कीड आत शिरत नाही. काही झाडे आपल्या कोवळ्या कळ्यांवरही असाच चिकट लेप देतात. माशी हाच लेप आपल्या जबड्याने खरवडते, मागच्या पायांवरच्या ज्या टोपल्यांतून ती पराग आणते त्यांतच त्याचे गोळे बसविते आणि घरी आणते. काम किचकट आहे. राळ उन्हात मऊ होते, म्हणून माश्या ती भर उन्हाच्या वेळी गोळा करतात. घरी आल्यावर तो गोळा पायाचा सुटत नाही. मग दुसऱ्या माश्या येतात आणि तिच्या पायाची राळ दातांनी ओढावी तशी जबड्याने ओढून काढतात. कधी कधी त्या बिचारीला बराच वेळ ताटकळत उभे राहावे लागते. साऱ्या वसाहतीत हे काम करणाऱ्या माश्या थोड्याच असतात.

ही राळ मेणात मिसळून माश्या ती भिंतींना लावतात, फटी बुजवितात, आणि दार मोठे वाटले तर त्याने लहान करून घेतात. एखादा उंदीर किंवा पाल पेटीत शिरून मेली, तर तेवढे धूड बाहेर ओढून नेण्याची ताकद माश्यांत नसते. अशा वेळी त्या सबंध प्रेतावर राळेचा लेप चढवितात. ते मग कुजत नाही, वाळून जाते. ही गोष्ट पुस्तकात वाचून मला खरी वाटली नव्हती. एका पावसाळ्यानंतर माझ्याच पेटीच्या तळाशी बोटभर लांबीची पाल सापडली. लाखेच्या बाहुलीसारखी कडक झाली होती. दुर्गंधीचा लवलेश नव्हता.

आता आमच्या सातेरीचे काय? तर सातेरी राळ आणीत नाही. तिला फट बुजवायची असेल तर ती मेणानेच बुजविते. म्हणून तिचे झाकण हाताने उघडते. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण ‘सातेरीचे अस्सल प्रोपोलिस’ अशी चिठ्ठी लावलेली बाटली मी एका प्रदर्शनात पाहिली आहे. आत काय होते ते विकणाराच जाणे.

परंतु याचा अर्थ आपल्या मुलखात राळ वापरणाऱ्या माश्याच नाहीत असा नव्हे. कुंपणाच्या झुडपात तळहाताएवढे एकच पोळे बांधणारी फुलोरी माशी आपण पाहिली असेल. तिचे पोळे उघड्यावर असते. मुंग्या फांदीवरून चालत आल्या तर त्या अंडी-अळ्यांचा फडशा पाडणार. म्हणून फुलोरी पोळ्याच्या दोन्ही बाजूंना फांदीभोवती राळेचे चिकट कडे घालते. मुंगी तेथवर येते, पाय चिकटतो, की परत फिरते. दुसरी माशी म्हणजे डंख नसलेली, डासापेक्षा थोडी मोठी, काळी माशी. जुन्या घराच्या दगडी भिंतीत किंवा खांबाच्या पोकळीत ती राहते. बाहेर एक बारीक नळी आलेली असते, तेवढीच तिची खूण. ती नळी आणि आतले मधाचे गाडगेसुद्धा मेण आणि राळ यांच्या मिश्रणाचे असते. केरळात ही माशी मडक्यात आणि बांबूच्या नळकांड्यात पाळतात.

युरोपियन माशी आपल्या देशात तशी अलीकडची. 1962 पासून पुढे पंजाबातील शास्त्रज्ञांनी कांगडा भागात नग्रोटा बागवान येथे ती यशस्वीरीत्या रुजविली, आणि तेथून ती देशभर पसरली. तिच्यामागोमाग ही राळही आपल्याकडे आली. हल्ली तिच्या बाटल्या आणि गोळ्या औषधांच्या दुकानांत दिसतात, मोबाईलवर तिच्या जाहिराती येतात. सर्दीपासून कर्करोगापर्यंत सारे तिने बरे होते, असे त्यांत सांगितलेले असते. तेव्हा यात खरे किती, हे पाहिले पाहिजे.

प्रथम खरे काय ते सांगतो. या राळेत जंतू मारण्याचा गुण आहे, याबद्दल आता शंका उरलेली नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात मार्ला स्पिवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेट्यांच्या आतल्या भिंतींना राळेचा अर्क लावून पाहिला. 2009 साली त्यांनी दाखवून दिले की, अशा पेटीतल्या माश्यांच्या शरीराला जंतूंशी झगडण्यासाठी कमी शक्ती खर्चावी लागते. घरच स्वच्छ, मग अंगाला त्रास कमी. पुढे 2012 साली आणखी एक गोष्ट दिसली. पिलांना बुरशीचा एक रोग होतो, त्यात अळी खडूसारखी पांढरी होऊन मरते. या रोगाची लागण झाली की माश्या अधिक राळ आणू लागतात.

एक बारीकशी बाब मात्र ध्यानात घ्या. माशी ही राळ खात नाही. मध खाते, पराग खाते, राळ खात नाही. ती भिंतीला लावते. आपण चुना लावतो, जमीन सारवतो, तशातला हा प्रकार आहे. राळ हे माशीच्या घराचे सारवण आहे, तिच्या पोटात घेण्याचे औषध नव्हे. हे एवढे आपण मनात धरले, तर पुढचा पुष्कळ घोटाळा टळेल.

पूर्वीच्या लोकांनीही बहुतेक ती अंगाला बाहेरूनच वापरली. ॲरिस्टॉटल इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात होऊन गेला. पोळ्याच्या तोंडाशी सापडणाऱ्या काळ्या, उग्र वासाच्या पदार्थाने मुका मार आणि पू झालेली जखम बरी होते, असे त्याने नमूद केले आहे. डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने पहिल्या शतकात लिहिले, की ती लावली असता रुतलेला काटा बाहेर ओढला जातो. जुन्या खोकल्यावर तिची धुरीही त्याने सांगितली आहे. आपल्या आयुर्वेदात मधाचे आठ प्रकार वर्णिले आहेत, परंतु मुख्य भर मधावर आणि मेणावर आहे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाळली ती सातेरी, आणि ती राळ आणीत नाही, हे आपण पाहिलेच.

हा गुण येतो कोठून? राळेत साधारण निम्मा भाग झाडाचा चीक असतो, तीस टक्क्यांच्या आसपास मेण, दहा टक्के सुगंधी तेले आणि उरलेल्यात पराग व इतर द्रव्ये. तिच्यात आजवर तीनशेहून अधिक रासायनिक द्रव्ये ओळखली गेली आहेत. त्यांतली काही जंतूच्या अंगावरचे आवरण फोडतात. पण सगळ्या जंतूंचे आवरण सारखे नसते. गळवात पू करणारा स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू एकाच तटाच्या किल्ल्यासारखा आहे, त्याच्यावर राळ चांगली चालते. आतड्यातला ई. कोलाय दुहेरी तटाचा आहे, त्याच्यावर तिचा जोर कमी पडतो. दात किडविणारे जंतू आणि तोंडात पांढरा थर आणणारी कँडिडा ही बुरशी, यांच्यावरही प्रयोगशाळेत तिचा परिणाम दिसला आहे.

येथे शिक्षक बंधूंनी एक प्रश्न विचारला पाहिजे. हा अर्क मद्यार्कात काढतात, आणि मद्यार्क तर स्वतःच जंतू मारतो. मग मारले कोणी, राळेने की मद्यार्काने? म्हणून चांगल्या प्रयोगात एका बशीत अर्क आणि शेजारच्या बशीत नुसता मद्यार्क घालून तुलना करतात. अशी तुलना करूनही राळेचा गुण उरतोच. पण ज्या जाहिरातीत ही तुलना सांगितलेली नसते, तिचा भरवसा धरू नये.

दुसरी अडचण अधिक मोठी आहे. राळ म्हणजे एक पदार्थ नव्हे. युरोपात माशी ती पॉप्लर झाडाच्या कळ्यांवरून आणते. ब्राझीलमध्ये एका रानझुडपाचे कोवळे शेंडे कुरतडून आणते, ती राळ हिरवी असते. तेथीलच समुद्रकाठी आपल्या शिसवाच्या जातकुळीतली एक वनस्पती आहे, तिच्यापासून लाल राळ मिळते. तिन्हींची घडण निराळी, गुणही निराळे. एक वेळ बाजरी आणि भात सारखेच म्हणाल, पण या तीन राळा एक म्हणता येणार नाहीत. मग ब्राझीलच्या हिरव्या राळेवर झालेल्या प्रयोगाचा निकाल आमच्या तालुक्याच्या दुकानातल्या बाटलीवर छापावा, हे कसे? येथल्या माशीने कोणत्या झाडाची राळ आणली ते ना विकणाऱ्याला माहीत, ना घेणाऱ्याला. एवढेच नव्हे, झाडाची राळ मिळाली नाही तर माश्या रस्त्यावरचे डांबर आणि ओला रंगसुद्धा खरवडून आणतात. काही नमुन्यांत शिसे सापडले आहे ते अशाच कारणांनी.

आता माझ्या हातून घडलेली गोष्ट सांगतो. सांगायला बरी वाटत नाही, पण सांगितली पाहिजे.

राळेचा नाद लागल्यावर मी तिचा अर्क करून ठेवू लागलो. किरकोळ खरचटले, तोंड आले, की शेजारी मागायला येत. गुण येई, किंवा आपोआप बरे होणारे बरे होई आणि श्रेय मला मिळे. आमच्या आळीत एक वडीलधारे शेतकरी आहेत, आम्ही सारे त्यांना तात्या म्हणतो. त्यांना मधुमेह. नांगराच्या फाळाने नव्हे, नव्या वहाणेने त्यांच्या पायाचे बोट सोलवटले. मी बाटली दिली. आठ दिवसांनी वाटेत भेटले तर म्हणाले, “गुरुजी, तुमच्या माशीच्या औषधानं जखम वरनं पार सुकली बघा. दुखत तर मुळीच नाही.” मला आनंद झाला. वास्तविक दुखत नाही हीच भिण्याची गोष्ट होती. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना जाते, आणि जखम वरून वाळून आतून सडत राहते. आणखी पाच-सहा दिवसांनी पायाला सूज चढली, ताप आला, तेव्हा त्यांना शहरात नेले. करंगळीशेजारचे बोट काढावे लागले. डॉक्टर मला एवढेच म्हणाले, की पहिल्या आठवड्यात आले असते तर बोट राहिले असते. तात्यांनी कधी मला दोष दिला नाही. आजही मध काढताना ते ओट्यावर येऊन बसतात. पण त्या दिवसापासून माझी बाटली कपाटात गेली ती गेलीच.

राळेने बोट सडले नाही. राळेवर विसंबून आम्ही जे आठ-पंधरा दिवस घालविले, त्यांनी ते सडले.

माणसांवर झालेल्या चाचण्यांत काय दिसते ते थोडक्यात सांगतो. ओठावर तापाने जे जर येतात, त्यांवर राळेचे मलम लावल्यास ते लवकर वाळतात, असे काही चाचण्यांत आढळले आहे. तोंडातल्या फोडांना आणि हिरड्यांच्या सुजेला तिच्या गुळण्यांनी थोडा आराम पडतो, पण सगळ्या चाचण्यांचा कौल एकसारखा नाही. जखमांवरच्या चाचण्या लहान आहेत, आणि त्यांत राळ लावली ती नेहमीच्या उपचाराबरोबर, त्याच्याऐवजी नव्हे. पोटात घेण्याबद्दल म्हणाल, तर युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2010 साली राळेविषयीचे आरोग्याचे दावे तपासले आणि ते सिद्ध होत नाहीत असा निर्णय दिला. बशीतल्या जंतूवर थेंब टाकणे वेगळे, आणि गिळलेली गोळी पचून, रक्तात मिसळून, नेमकी त्या जंतूपाशी पोहोचणे वेगळे. कर्करोगाच्या पेशी तर बशीत कितीतरी पदार्थांनी मरतात.

तेव्हा कोणी वापरणारच असेल, तर इतके पथ्य पाळावे. जखम आधी वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवावी. जखम खोल असेल, मातीची किंवा गंजक्या लोखंडाची असेल, तर धनुर्वाताच्या सुईसाठी दवाखान्यात जावे. मधुमेह्याच्या पायाला, भाजल्यावर, डोळ्यांत, कानांत राळ घालू नये. काही जणांना राळ सोसत नाही. कातडी लाल होऊन खाज सुटते, फोड येतात, आणि हे लगेच नव्हे तर एक-दोन दिवसांनी होते. माशीपालन करणाऱ्यांच्या हातांवर हा विकार फार पूर्वीपासून आढळत आला आहे. म्हणून कोपराच्या आतल्या बाजूस थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहावी. ज्यांना दमा आहे किंवा मधमाशीच्या पदार्थांचे वावडे आहे, त्यांनी तिच्या वाटेस जाऊ नये. गरोदर बायकांनी आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून पोटात घेऊ नये. आणि एक फार महत्त्वाचे. घरी अर्क करण्याच्या भरात दुकानातले दिव्याचे किंवा रंगकामाचे स्पिरिट कोणी वापरू नका. त्यात विषारी मद्यार्क असू शकतो. तो पोटात गेला तर डोळे जातात, प्राणही जातो.

ज्यांच्याकडे युरोपियन माशी आहे, त्यांना राळ विकून चार पैसे मिळू शकतात. पण फार मोठी आशा धरू नये. एका पेटीतून वर्षाकाठी दहा ग्रॅमपासून फार तर तीनशे ग्रॅम मिळते, आणि ते माशीच्या जातीवर व भोवतालच्या झाडांवर अवलंबून असते. पटाशीने खरवडलेल्या राळेत लाकडाचा भुसा, रंग, माश्यांचे पाय असे सारे येते. त्यापेक्षा बारीक भोकांची प्लास्टिकची जाळी चौकटींवर पसरून ठेवावी. माश्यांना फट सोसत नाही, त्या ती भोके राळेने भरतात. मग जाळी शीतकपाटात ठेवावी. थंडीने राळ काचेसारखी ठिसूळ होते, आणि जाळी वाकवली की तुकडे पटापट गळतात. पेटीला आतून रंग देऊ नये. पेटीत कीटकनाशक औषध घातले असेल तर त्या हंगामाची राळ विक्रीस काढू नये. आतल्या फळ्यांना रंधा मारून गुळगुळीत करण्याची आपल्याला सवय आहे. त्या थोड्या खरखरीत ठेवल्या तर माश्या भिंतीवर अधिक राळ लावतात, आणि त्याचा पहिला फायदा खुद्द माश्यांना होतो. सगळीच्या सगळी ओरबाडून घेऊ नये, हे निराळे सांगायला नको.

शिक्षक मित्रांना वर्गात दाखविण्याजोगे दोन सोपे प्रयोग आहेत. बाभळीचा डिंक आणि वाण्याकडची राळ असे दोन खडे दोन पेल्यांत पाण्यात टाकून रात्रभर ठेवा. सकाळी मुलांना विचारा, कोणते विरघळले आणि का. दुसरा प्रयोग कुंपणापाशी करायचा. फुलोरीचे पोळे सापडले तर दुपारच्या वेळी मुलांना न्या आणि पोळ्याच्या दोन्ही अंगांना फांदीवर ते चमकणारे कडे आहे का, ते शोधायला सांगा. मुंगी तेथे येऊन काय करते ते दहा मिनिटे टक लावून पाहू द्या. मुलांना पाच-सहा हात दूर उभे करा, फांदी हलवू देऊ नका, आणि कडे ताजे आहे का हे बोटाने पाहण्याचा मोह आधी आपण स्वतः आवरा. फुलोरी गरीब दिसते, पण डंख तिलाही आहे.